वहिवाट

इंग्लंडमधल्या पायवाटांच्या पुस्तकांत प्रत्येक वाटेपुढे एक शेरा असतो: सोपी, मध्यम, कठीण. सोपी म्हणजे चढ थोडा, अंतर चार-पाच मैलांचं आणि शेवटी चहा मिळेल असं गाव. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांवरच्या बऱ्याच वाटा याच वर्गात बसतात. मी भाषांतरकार आहे, त्यामुळे ‘सोपं’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. सोप्या वाक्यामागे कुणीतरी घाम गाळलेला असतो. सोप्या वाटेमागे कोणी गाळला, आणि ते कळल्यावरही तिच्यावरून आनंदानं चालता येतं का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मला नीट माहीत असलेली वाट ग्लॉस्टरशरमधली, बोर्टन-ऑन-द-हिल ते लाँगबरो. दोन-अडीच मैल असेल. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं मागे पडली की कुरणं लागतात. चुना न वापरता नुसत्या दगडावर दगड रचून घातलेल्या भिंती, माणूस जाईल पण गुरू जाणार नाही अशी फिरती फाटकं, मेंढ्या, अंतराअंतरावर जुने ओक. टेकड्या इतक्या मऊ की डोळा कुठं अडत नाही. वाट सीझिनकोट नावाच्या खासगी जमिनीतून जाते, आणि तिथं झाडांच्या फटीतून अचानक तांब्याचा हिरवट घुमट दिसतो. शेजारी छत्र्या. मुघल घाटणीचा हा वाडा चार्ल्स कॉकरेलनं १८०५च्या सुमारास बांधून घेतला. पैसा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या कारभारातून आलेला. आराखडा त्याच्या भावाचा, सॅम्युअल पेपिस कॉकरेलचा. याच भावानं तिथून जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जचंही घर बांधून दिलं होतं. हेस्टिंग्जनं आपल्या पूर्वजांची ती जमीन १७८८ साली परत विकत घेतली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्यावर महाभियोगाचा खटला उभा राहिला.

एवढ्यावर मराठी वाचकाच्या मनात फिर्याद तयार होते. वडगाव, सालबाईचा तह, हेस्टिंग्जचा काळ आपण शाळेत शिकलोय. माझीही जीभ शिवशिवते. पण बंगालचा पैसा म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवावी लागते. कंपनीच्या आधी, १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. १७५१च्या तहात अलीवर्दीखानानं वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली. बंगाली अंगाईगीतात आजही मुलांना ज्यांची भीती घातली जाते ते ‘बर्गी’ म्हणजे आपलेच बारगीर. तेव्हा त्या घुमटासमोर मला निव्वळ फिर्यादी म्हणून उभं राहता येत नाही. कोलकात्याचा माणूस शेजारी असेल तर मुळीच नाही.

हा झाला वाड्याचा हिशोब. कुरणांचा हिशोब वेगळा आहे, आणि तो इंग्रजांचा आपसातला आहे. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की इंग्लंडच्या मध्यभागातल्या कितीतरी कुरणांत गवताखालून लांबलचक लाटा उमटतात. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी त्यांना नाव देईल: सरी-वरंबे. मध्ययुगात बैलांच्या नांगरांनी पडलेल्या त्या रेघा आहेत. मग नांगर थांबला, जमीन गवताला गेली, मेंढ्या आल्या, लोकरीच्या पैशातून देखणी चर्चं उभी राहिली. कुठं हे पंधराव्या शतकात झालं, कुठं फार नंतर. काही गावं तर उठलीच. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं ५,२००हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपणं घालू दिली. त्यात गावाची म्हणून जी जमीन होती, जिच्यावर गरिबाची एखादी गाय चरायची, ती मोठ्या प्रमाणात गेली. त्या जमिनीसाठी कोश मला ‘सामायिक भूमी’ सुचवतो. वाचताना तहसील कचेरीचं परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. शब्द आपल्याकडे आहे, गायरान, आणि त्यावरची भांडणंही आहेत.

यावर दोन मित्रांची दोन मतं. एक म्हणतो, ‘आपण फिरायला आलोय, खटला चालवायला नाही. इतिहास फाटकाबाहेर ठेव.’ दुसरी दिल्लीची मैत्रीण. तिच्या मते अशा ठिकाणी रमणं म्हणजे लुटीच्या पंगतीत ताव मारणं.

पहिल्याचं मला पटत नाही, कारण त्याला जे सुंदर वाटतं ते फाटकाबाहेर ठेवता येण्यासारखं नाही. ती निवांत, निर्मनुष्य हिरवळ निर्मनुष्य आहे म्हणूनच त्याला आवडते, आणि ती तशी आपोआप झालेली नाही. गवताखालचे वरंबे न दिसणं ही रसिकता कशी? मैत्रिणीचं म्हणणं जास्त जड आहे. पण मी पाठ फिरवल्यानं बंगालच्या विणकराला काही पोचत नाही, गाय विकावी लागलेल्या खेडुतालाही नाही. पोचतं ते मला: आपण स्वच्छ असल्याचं समाधान. तो नियम पाळायचा तर आपले गड आणि वाडेही बंद करावे लागतील. शिवाय अपराधभावात एक छुपी मालकी असते असं माझं निरीक्षण आहे. सगळा देखावा शेवटी माझ्या मनाची परीक्षा घेण्यापुरता उरतो.

मला त्या वाटेत दुसरंच काही दिसतं. जमीन कुणाची आहे हे माहीत असूनही मी तिच्यावरून जाते आणि मालक मला हटकू शकत नाही. याला मराठीत वहिवाट म्हणतात. वाट वाहती ठेवली म्हणून मिळालेला हक्क. इंग्लंडच्या कायद्यातही लोक वीस वर्षं उघडपणे, बिनाअडथळा एखाद्या जमिनीवरून चालत आले असतील, तर मालकानं ती वाट लोकांना दिली असं सहसा मानलं जातं. आपल्याकडे बांधावरच्या वाटेत कुणी बाभळीच्या काट्या टाकल्या तर मामलेदाराकडे जाता येतं. त्यासाठीचा कायदा १९०६ सालचा आहे. तिकडे १९३२ साली डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या माळावर गिरणीगावांतली तरुण पोरं मनाई मोडून चढली. पाच जणांना तुरुंग झाला. १९४९च्या कायद्यानं वाटा अधिकृत नकाशांवर नोंदायचं ठरवलं. आजच्या माझ्या ‘सोप्या’ वाटेत हा सगळा घामही आहे.

अर्थात वहिवाट हा शब्दही धुतल्या तांदळासारखा नाही. रूढीनं जसा हक्क मिळतो तसा नाकारलाही जातो. १९२७ साली महाडला लोक चालत चवदार तळ्याकडे गेले, तेव्हा पुढे कोर्टात त्यांच्याविरुद्ध वहिवाटच उभी केली गेली: अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचं नाही ही म्हणे अनादि चाल. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयानं ती मानली नाही. म्हणून हा शब्द मी कुठल्याही भाषांतरात घालते तेव्हा कुणाची वहिवाट, असं समासात स्वतःसाठी लिहून ठेवते.

इंग्लंडमधल्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी शेतामधून जाणारी वाट नांगरता येते, पण चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा करून द्यावी लागते. त्यामुळे वसंतात कोवळ्या गव्हाच्या हिरव्या शेतातून एक तपकिरी रेघ सरळ पलीकडच्या फाटकापर्यंत गेलेली दिसते. बहुधा एका माणसाच्या रुंदीची. समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला कडेला, अंग चोरून उभं राहावं लागतं.