स्वतःच विद्यार्थी, स्वतःच परीक्षक



नाताळ असो वा घरातल्या मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, मुलांच्या हातावर चॉकलेट ठेवल्याशिवाय आपला आनंद पुरा होत नाही. चॉकलेटसाठी लागणाऱ्या कोकोचा मोठा वाटा पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांतून येतो. तेथील मळ्यांत आपल्या मुलांच्याच वयाची मुले कोयता चालवतात, जड ओझी वाहतात.

२००१ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने बालगुलामीविना बनलेल्या चॉकलेटवर तसे लेबल लावण्याच्या बाजूने मत दिले. कंपन्यांना कायदा नको होता. त्यांनी स्वेच्छेने करार केला की, कोकोच्या मळ्यांतील बालमजुरीचे सर्वात वाईट प्रकार संपवू व २००५ पर्यंत तशी खात्री देणारी व्यवस्था उभारू. ती मुदत टळली. २००८ ची टळली. २०१० साली नवे वचन दिले गेले : २०२० पर्यंत ७० टक्के घट. २०२० साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांचा अहवाल आला. या दोन देशांत कोकोच्या कामावर १५ लाख ६० हजार मुले होती.

कंपन्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही गावांत शाळा झाल्या, देखरेखही सुरू झाली. पण यांतील बहुतेक मुले आपल्याच आईबापांच्या शेतात राबतात, कारण मालाला मिळणाऱ्या भावात मजूर परवडत नाही. भाव वाढवायचा तर नफ्याला हात लावावा लागतो. स्वतःचाच पेपर तपासणारा तो प्रश्न सोडून देतो आणि स्वतःला मुदत वाढवून देतो.

आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी स्वतः करतो, परंतु पापक्षमा स्वतःच स्वतःला देत नाही. त्यासाठी दुसऱ्यासमोर गुडघे टेकावे लागतात.

मग दोष केवळ कंपन्यांचा का? चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास आपल्या देशात २००६ साली बंदी आली. तोवर कित्येक सुशिक्षित घरांत लहान मुली भांडी घासत होत्या, आणि 'आम्ही तिला पोटच्या पोरीसारखी वागवतो' असे सांगून आपण स्वतःला उत्तीर्ण करून घेत होतो. आपल्या चांगुलपणालाही कायद्याची गरज भासली. मग कंपन्यांच्या चांगुलपणावर कायद्याविना विसंबावे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?