साम्य मानले, तर ऋणही माना

चिंचोळी एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीच्या गेटपाशी डब्यातल्या उरल्यासुरल्या भाकरीवर जगणाऱ्या कुत्र्याचे आपण काही देणे लागतो का? भारतातल्या अशा मोकाट कुत्र्यांत जननेंद्रियाची संसर्गजन्य गाठ सर्रास आढळते. समागमातून जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. गाठीच्या तुकड्यातला आरएनए मोजला की कोणती जनुके जागी आहेत ते कळते. गाठ वाढत असताना रोगप्रतिकारक यंत्रणेला पेशीची ओळख पटवणारी एमएचसी जनुके दबलेली असतात. गाठ विरू लागली की ती पुन्हा जागी होतात. माणसाच्या अनेक कर्करोगांतही हाच लपंडाव चालतो, म्हणून हे मोजमाप आपल्या कामाचे.

कोणी म्हणेल, हे साम्य रेणूंचे, आत्म्याचे नव्हे. शिवाय संशोधनासोबतच्या उपचाराने कुत्र्याचे भलेच होते. पहिले मान्य केले, तरी ज्या देहसाम्यावर आपण निष्कर्ष काढतो त्यातच वेदनेचे साम्यही येते. फायद्यापुरते ते मानायचे आणि जबाबदारीच्या वेळी झटकायचे, हा अप्रामाणिकपणा झाला. दुसरे खरे, पण विन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शने ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली तरच. गीतेच्या पाचव्या अध्यायातली समदृष्टी कुत्र्यालाही वगळत नाही. मग नमुना घेऊन रुग्णाला वाऱ्यावर सोडणाऱ्या संशोधनाला ज्ञान म्हणता येईल, धर्म नव्हे.