रेफरीने विचारलं तर

२६ सप्टेंबर २०१२ची संध्याकाळ. नेपल्सच्या सान पाओलो स्टेडियमवर नापोली आणि लाझिओ यांचा सामना नुकताच सुरू झालेला. लाझिओला कॉर्नर मिळाला, गोलसमोर नेहमीची झुंबड उडाली आणि लाझिओचा स्ट्रायकर मिरोस्लाव क्लोझे याच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला. रेफरीने गोल दिला. नापोलीचे खेळाडू आरडाओरडा करत रेफरीभोवती जमले, तेव्हा रेफरीने क्लोझेलाच विचारलं. क्लोझे म्हणाला, हो, हाताला लागला. गोल रद्द झाला. नापोलीच्या खेळाडूंनी त्याच्याशी हात मिळवले. मग कवानीने तीन गोल केले आणि लाझिओ ३-० असा हरला.

ही गोष्ट सांगितली की बहुतेक लोक लगेच म्हणतात, वा, असा खेळाडू हवा. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण तुम्ही जरा लाझिओच्या एखाद्या बचावपटूच्या जागी उभे राहून पाहा. नापोलीच्या मैदानावर, त्या प्रेक्षकांपुढे, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तुम्ही एका गोलने पुढे आहात. आठवडाभर घाम गाळला आहे. आणि तुमचाच माणूस तुम्हाला न विचारता तो गोल परत देऊन टाकतो. तो गोल एकट्याचा होता का? दुसऱ्यांच्या खिशातून दानधर्म करणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही.

क्लोझेची बाकीची कारकीर्द माहीत असेल तर हा प्रश्न आणखी टोचतो. पोलंडमधल्या ओपोलेला जन्म, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर जर्मनीत, भाषेचा गंध नाही. वडील व्यावसायिक फुटबॉलपटू. आई पोलंडच्या राष्ट्रीय संघातली खेळाडू, आणि तीही हँडबॉलची! (ज्या घरात चेंडू हाताने खेळणं हाच खेळ होता, त्या घरातून हा निघाला.) तो सुतारकाम शिकला आणि गावातल्या अगदी खालच्या विभागातल्या क्लबकडून खेळत राहिला. बड्या क्लबांच्या अकादमीत वाढलेला हा मुलगा नव्हे. पुढे कैझर्सलाउटर्न, ब्रेमेन, बायर्न, लाझिओ. चार विश्वचषकांत मिळून १६ गोल. सोळावा गोल ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोन्तेला, जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं हरवलं त्या सामन्यात. त्या गोलने ब्राझीलच्याच रोनाल्डोचा विक्रम मोडला. गोल हेच ज्याचं पोट आणि गोल हेच ज्याचं नाव, असा हा माणूस. गोलची किंमत त्याला कळत नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही.

आणि हे त्याने एकदाच केलं असंही नाही. २००५ साली ब्रेमेनकडून खेळताना बीलेफेल्डविरुद्ध रेफरीने त्याला पेनल्टी दिली. स्कोअर ०-०. क्लोझेने रेफरीला सांगितलं की गोलकीपरने आधी चेंडूला हात लावला होता, फाऊल झालेला नाही. पेनल्टी रद्द झाली. ब्रेमेन तो सामना ३-० जिंकला, त्यामुळे तेव्हा सगळ्यांनाच कौतुक करणं सोपं गेलं.

स्ट्रायकरचा धंदा फसवण्याचा आहे, हे आधी मान्य करू. डावीकडे जातो असं दाखवून उजवीकडे जायचं, मारतो असं दाखवून थांबायचं. ज्याला हे जमत नाही तो गोल करू शकत नाही. मग हाताला लागलेला चेंडू लपवण्यात वेगळं काय? माझ्या मते फरक कुणाला फसवलं याचा आहे. बचावपटूला माहीत असतं की समोरचा मला चकवणार आहे. तो तयारीने उभा असतो आणि उलट चकवतोही. रेफरीशी आपलं असं काही ठरलेलं नसतं. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो ते आपल्याला आवडतं. पण शाळेच्या मैदानावर हात लागलेला असताना ‘नाही लागला’ म्हणणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी कुणी संघात घेत नसे.

म्हणूनच २०१० साली घानाविरुद्ध उरुग्वेच्या सुआरेझने शेवटच्या क्षणी गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, त्यावर मी लोकांइतका चिडत नाही. त्याने ते सगळ्या जगासमोर केलं, लाल कार्ड घेतलं, घानाला पेनल्टी मिळाली. ग्यानचा फटका आडव्या खांबाला लागला हा घानाचा दैवदुर्विलास. सुआरेझने नियम मोडला आणि दंड भरला. २००९ साली आयर्लंडविरुद्ध ऑन्रीने हाताने चेंडू थोपवून गालासला पास दिला आणि फ्रान्स विश्वचषकात गेला, ते मला जास्त खुपतं. सामन्यानंतर त्याने कबूल केलं की हात लागला होता, पण रेफरी मी नाही, असंही म्हणाला.

‘रेफरी मी नाही.’ या वाक्यात दम आहे, नाही असं नाही. प्रत्येकाने आपापलं काम करावं. शिवाय रेफरी उद्या माझ्याविरुद्ध चुकेल तेव्हा समोरचा कुठे कबुली देणार आहे? क्रिकेटमध्ये हेच ऐकत आपण मोठे झालो. १९८०च्या फेब्रुवारीत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडची ५ बाद ५८ अशी दाणादाण उडालेली असताना पंचांनी बॉब टेलरला बाद दिलं होतं. कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावलं, कारण बॅटला चेंडू लागलेला नाही हे त्याला दिसलं होतं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथच्या सज्जनपणाच्या गोष्टी आपण अजून सांगतो. त्या सामन्यातल्या गोलंदाजांना कुणी विचारलं का, मला ठाऊक नाही.

हे सगळं मी इतकं का उगाळतो आहे, ते सांगतो. विज्ञानात शोधनिबंध तपासणाऱ्याला रेफरीच म्हणतात. इथे जर्मनीत पोस्टडॉक करताना आमचा एक निबंध रेफरींनी पास केला. छापायला जाण्याआधी आकडे पुन्हा चाळताना मला दिसलं की मोजमापांची एक फाईल दोनदा धरली गेली आहे. चूक माझीच होती. निबंधाची पहिली लेखिका एक पीएचडीची विद्यार्थिनी होती. तिचा अर्धा प्रबंध त्या निबंधावर उभा होता आणि तिची शिष्यवृत्ती संपत आली होती.

शुक्रवारी चूक सापडली. शनिवार-रविवार झोप नाही. सोमवारी गटाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. प्राध्यापक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, निष्कर्ष बहुधा बदलणार नाही, आणि रेफरींनी तर पास केलं आहे. शेवटी निबंध मागे घेतला. सगळं पुन्हा मोजलं, परिणाम होता पण फिका झाला, आणि आठ महिन्यांनी लहानशा जर्नलमध्ये छापून आला. तिची पदवी तितकीच लांबली.

सांगायला हवं होतं का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लाझिओच्या त्या बचावपटूलाही आज मी एवढं उत्तर देईन: जो गोल झालाच नव्हता, तो तुझ्या खिशात कधीच नव्हता, म्हणून क्लोझेने तुझं काही दिलं नाही. आमचा तो आकडाही तिच्या मालकीचा नव्हता. तो खराच नव्हता.

पण इथे क्लोझेची आणि माझी वाट वेगळी होते. रेफरीने विचारलं तेव्हा त्याच्याकडे दोन-तीन सेकंद होते. दहा साथीदारांना बाजूला घेऊन ‘मी आता हे सांगणार आहे’ म्हणण्याची सोय नव्हती. माझ्याकडे अडीच दिवस होते. तिचा फोन नंबर होता. ती माझ्यापासून दोन ट्रॅम स्टॉपवर राहायची. मी तिला सांगितलं नाही. तिला ते बाकीच्यांबरोबर, हातात कॉफीचा कप धरून बसलेली असताना कळलं.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की आधी तिला सांगितलं तर ती रडेल, थांब म्हणेल, आणि माझा धीर खचेल. हे खरंही असेल. पण आता मागे वळून पाहताना वाटतं, सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करण्यात जो एक मोठेपणा मिळतो, तो मला थोडा हवा होता. तिच्या खोलीवर जाऊन सांगितलं असतं तर तो कुणालाच दिसला नसता.

आता फुटबॉलमध्ये व्हिडिओ रेफरी आले आहेत. हाताला लागलं की नाही ते कॅमेरा सांगतो आणि स्ट्रायकरला विचारायची वेळ फारशी येत नाही. एका परीने बरंच आहे ते. ती मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. गेल्या डिसेंबरात नवीन वर्षाच्या शुभेच्छा आल्या, दोन ओळींच्या. मी उत्तर लिहिलं, त्यात त्या सोमवारबद्दल एक परिच्छेद घातला, तो काढला, पुन्हा घातला. ते पत्र अजून पाठवलेलं नाही.