सामाईक वीज आणि वाटणीचा न्याय

ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत विजेचा खर्च दोन वाटांनी येतो. एक म्हणजे प्रत्येक घराच्या मीटरचे बिल. दुसरा लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, भोजनगृह, दवाखान्याची खोली आणि जनरेटर यांचा सामाईक खर्च. तो मासिक देखभाल शुल्कातून वसूल होतो. निवृत्तिवेतनावर किंवा ठेवींच्या व्याजावर राहणाऱ्यांचे उत्पन्न बांधलेले असते, दर मात्र वाढत जातात. म्हणून कोणत्या कंपनीची वीज स्वस्त पडेल, हा प्रश्न अशा वसाहतीत कळकळीने विचारला जातो. त्याच्या पोटात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न आहे: ज्यांच्या गरजा सारख्या नाहीत, अशा माणसांनी एकत्र येणारा खर्च कोणत्या न्यायाने वाटून घ्यावा?

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात घरगुती ग्राहकाला निवड नाही. पुणे, नाशिक, लोणावळा या भागांत ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती महावितरणच्याच क्षेत्रात येतात. मुंबईची गोष्ट वेगळी आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, भांडुप-मुलुंड पट्ट्यात महावितरण, आणि उपनगरांच्या मोठ्या भागात अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर या दोन कंपन्या एकाच क्षेत्रात. एका क्षेत्रात एकाहून अधिक परवानाधारक असू शकतात, ही तरतूद विद्युत अधिनियम २००३च्या कलम १४ मध्ये आहे. टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला आणि त्यानंतर उपनगरांतल्या घरांना खरी निवड मिळाली. तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसरीची, अशीही सोय झाली; तारा वापरल्याबद्दल ग्राहक वहन आकार भरतो.

दरांची तुलना करताना केवळ प्रतियुनिट वीज आकार पाहणे पुरेसे नसते. बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि राज्य सरकारचे वीज शुल्क असते. घरगुती वापरावर हे शुल्क १६ टक्के आहे. जिथे महिन्याला साठ-सत्तर युनिटच जळतात, तिथे स्थिर आकाराचा वाटा जाणवण्याइतका मोठा असतो, आणि प्रतियुनिट स्वस्त दिसणारी कंपनी एकूण बिलात महाग ठरू शकते. दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटे, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. त्यामुळे एकाच इमारतीत एका घराला एक पुरवठादार सोयीचा आणि शेजारच्या घराला दुसरा, असे होऊ शकते. बारा महिन्यांची बिले समोर ठेवून, दोन्ही कंपन्यांच्या दरपत्रकांनी ती पूर्ण मांडून पाहिली, तरच तुलना खरी होते. मे महिन्यातल्या एका बिलावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

निवड मिळाली की तिच्याबरोबर एक नैतिक पेच येतो. टप्पेवार दररचनेत जास्त वापराचे ग्राहक कमी वापरणाऱ्यांचा काही भार उचलत असतात. मोठे ग्राहक एका कंपनीकडून दुसरीकडे गेले, की मागे राहिलेल्या लहान ग्राहकांवर तो भार येतो. मुंबईत हे प्रत्यक्ष घडू लागले, तेव्हा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने स्थलांतर केलेल्या ग्राहकांवर क्रॉस-सबसिडी अधिभार लावला. स्वस्त वीज शोधणाऱ्या निवृत्त माणसाने काही गैर केले, असे कोणी म्हणू नये. आपल्या तुटपुंज्या उत्पन्नाची काळजी घेणे हाही धर्मच आहे. दोष तेव्हा येतो, जेव्हा जाणाऱ्याचा फायदा नेमका न जाऊ शकणाऱ्याच्या खिशातून निघतो. वसाहतीत न जाऊ शकणारे कोण असतात? ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, ज्यांची दृष्टी गेली आहे, ज्यांचे बिल परगावी राहणारा मुलगा न पाहताच भरून टाकतो. म्हणून अशा वसाहतीत दरांची तुलना एकेकट्याने करण्यापेक्षा सर्वांसाठी एकदम होणे अधिक न्याय्य आहे. माहिती असणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि उतारवयात ती फार विषम वाटली जाते.

टप्पेवार दरांमागे एक गृहीतक आहे: जास्त वीज वापरणारा अधिक सधन असतो, म्हणून त्याने चढ्या दराने पैसे द्यावेत. सर्वसाधारण शहरी वस्तीत हे बरेचसे खरे ठरते. ज्येष्ठांच्या वसाहतीत ते मोडते. घरी प्राणवायू पुरवणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र साधारण ३५० वॉट घेते. फुप्फुसे निकामी होत आलेल्या रुग्णाला ते चोवीस तास लागते, म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ आणि महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिटे. एरवी ८० युनिटांत भागणारे घर ३३० युनिटांवर जाते. वाढलेल्या युनिटांपैकी फक्त वीस पहिल्या टप्प्यात बसतात. उरलेली सगळी चढ्या दराने आकारली जातात. वरच्या मजल्यावर वातानुकूलित बैठकीची खोली असलेले सुस्थितीतले घर आणि खालच्या मजल्यावर पतीच्या श्वासासाठी यंत्र लावून बसलेली वृद्धा, या दोघांना दरपत्रक एकाच टप्प्यात उभे करते. मीटरला युनिटे तेवढी कळतात, ती कशासाठी जळली हे कळत नाही.

वाटणीच्या न्यायाची चर्चा ॲरिस्टॉटलपासून चालत आली आहे. सारख्यांना सारखे आणि असमानांना त्यांच्या असमानतेच्या प्रमाणात, हे त्याचे सूत्र मान्य करूनही प्रश्न उरतोच: प्रमाण कशाचे धरायचे? घरांच्या संख्येचे, क्षेत्रफळाचे, वापराचे, ऐपतीचे की गरजेचे? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी या प्रश्नाला ठिकठिकाणी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. पाण्याचा आकार घरातल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार यांवर, म्हणजे वापराच्या अंदाजावर. सामाईक दिव्यांसारखा सेवा आकार सर्व सदनिकांना समान. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सदस्यांना सारखा, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो.

तळमजल्यावरच्या सदस्याला ही शेवटची तरतूद नेहमीच खुपते. तिच्यामागचा विचार मात्र खोल आहे. लिफ्ट ही इमारतीच्या राहण्यायोग्यतेचा भाग मानली आहे, आणि राहण्यायोग्यता सर्वांची मिळून असते. गुडघे दुखतात म्हणूनच ज्याने तळमजला निवडला, त्याला मैत्रीसाठी, भजनासाठी, आजाऱ्याला भेटण्यासाठी वर जायचे असते. आपण वापरत नाही म्हणून देणार नाही, हे तत्त्व शेवटपर्यंत नेले तर जिन्यातला दिवासुद्धा लागणार नाही.

वापरानुसार पैसे, हे तत्त्व वरवर सर्वांत निःपक्षपाती वाटते, आणि अपव्यय रोखण्यासाठी त्याची गरज आहेच. त्याची मर्यादा अमर्त्य सेन यांनी १९७९च्या ‘समता कशाची?’ या व्याख्यानात दाखवून दिली. समान साधने दिली तरी समान जगणे हाती येत नाही, कारण साधनांचे जगण्यात रूपांतर करण्याची प्रत्येक शरीराची क्षमता निराळी असते. अपंग माणसाला तेवढेच हिंडण्या-फिरण्यासाठी अधिक खर्च येतो. हाच विचार विजेला लावला तर अडीचशे युनिटांनी रुग्णाला अधिक काही मिळत नाही. निरोगी माणसाला जे फुकट मिळते, तो श्वास तेवढा मिळतो. म्हणून त्या विजेला उपभोग म्हणणेच चूक आहे, आणि ती वापराच्या हिशेबातून वेगळी काढली पाहिजे.

जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये न्यायाचे नियम ठरवण्यासाठी एक कल्पना मांडली. समाजात आपली जागा कोणती, आपण सशक्त की दुर्बळ, हे कोणालाच ठाऊक नाही असे समजून, जणू अज्ञानाच्या पडद्याआडून, नियम करावेत. तरुणांच्या समाजात हा विचाराचा व्यायाम असतो. ज्येष्ठांच्या वसाहतीत तो जवळजवळ रोजचा अनुभव आहे. पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या खाटेशेजारी यंत्र येईल, हे तिथे कोणालाही सांगता येत नाही. अशा स्थितीत गरजेच्या विजेचा भार सर्वांनी मिळून उचलण्याचा नियम शहाणपणाचाही ठरतो. केवळ शहाणपणाचा आधार मात्र अपुरा आहे. जो आजच आजारी आहे, त्याच्यासाठी पडदा उठून गेला आहे. त्याच्याशी केलेला करार निरोग्याला फायद्याचा उरत नाही. तिथे कर्तव्याचीच भाषा लागते.

भारतीय परंपरेतून या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप येतो. वानप्रस्थ म्हणजे गरजा कमी करण्याचा काळ. योगसूत्रांत अपरिग्रह हा यमांपैकी एक. मग वृद्धांनी विजेची मागणी वाढवत न्यावी आणि तिचा भार इतरांवर टाकावा, हे कसे? आक्षेपात तथ्य आहे. रिकाम्या खोलीत चालणारे पंखे, दिवसभर तापत राहिलेला गीझर, कोणी बघत नसताना चालू असलेला दूरदर्शन संच, यांसाठी शेजाऱ्याने पैसे द्यावेत असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही. परंतु अपरिग्रह हे स्वतः घेतलेले व्रत आहे. जैन श्रावक परिग्रहाची मर्यादा घालून घेतो, ती आपल्या आपण. त्या व्रताचा गज करून शेजाऱ्याच्या गरजा मोजायला निघणे म्हणजे व्रताचा अर्थच उलटा करणे. शिवाय गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञविचार नेमका उलट दिशेने बोलतो: जे मिळाले त्यातून परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला तिथे चोर म्हटले आहे. आयुष्यभर समाजाच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या ठेवींचे व्याज खाणाऱ्याने त्यातला एक अंश शेजाऱ्याच्या श्वासासाठी देणे, हे त्या विचाराचे अगदी साधे आचरण आहे.

खरी अडचण सीमारेषेची आहे. प्राणवायूच्या यंत्राबद्दल वाद नाही. वातानुकूलन यंत्राचे काय? वयाबरोबर घाम येण्याची क्षमता मंदावते, तहान उशिरा लागते, आणि हृदयविकारावरची काही औषधे शरीरातले पाणी कमी करतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हृदयरुग्णाच्या खोलीतला गारवा ही चैन राहत नाही. तेच यंत्र जानेवारीत, महाबळेश्वरला, चैन असते. म्हणजे गरज यंत्रात नसते. ती शरीर, ऋतू आणि जागा यांच्या मेळातून ठरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरावीक महिन्यांसाठी, ठरावीक युनिटांपर्यंत अशी मर्यादा घालता येते. कॅलिफोर्नियात हीच पद्धत सरकारी नियमाने चालते. वैद्यकीय उपकरण लागणाऱ्या घराला सर्वांत खालच्या दराची युनिटे वाढवून मिळतात. यंत्र घरी आले म्हणून माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जाऊ नये, एवढीच तिची भूमिका आहे, आणि ती रास्त आहे.

दुसरी अडचण सन्मानाची. सवलत मागायची तर आजार सांगावा लागतो. ज्यांनी जन्मभर कोणापुढे हात पसरला नाही, अशी माणसे सवलत नाकारतात, प्रसंगी यंत्राचे तासही कमी करतात. यापेक्षा अधिक घातक काटकसर दुसरी नाही. गुप्तदानाची आपली रीत इथे उपयोगी पडते. सर्व घरांच्या देखभाल शुल्कात एक लहान रक्कम धरून निधी उभारावा, चिठ्ठी फक्त वसाहतीच्या डॉक्टरांनी पाहावी, आणि वजावट थेट बिलात व्हावी. घेणाऱ्याचे नाव वार्षिक सभेच्या अहवालात येण्याचे कारण नाही. असा निधी सर्वांनी भरलेला असल्याने घेणारा याचक ठरत नाही, हक्कदार असतो.

या वाटणीला कायद्याचा आधारही आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, संपूर्ण संकुलाने एकच जोडणी घ्यायची की घराघराला स्वतंत्र, हे रहिवाशांच्या पारदर्शक मतदानाने ठरते. तसेच घराचा स्वतःचा वापर, संस्थेने जनरेटरवरून पुरवलेली वीज आणि सामाईक जागेचा वापर, हे तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. वेगळी मोजणी झाल्याशिवाय न्यायाची चर्चा अंदाजावर चालते, आणि अंदाजात मोठ्या आवाजाचा सदस्य जिंकतो. छपरावरच्या सौर पॅनेलसाठीही असाच विचार हवा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपयांचे अनुदान आहे. छप्पर सर्वांचे असल्याने त्या विजेतून होणारी बचतही सर्वांची आहे, आणि गरजेच्या विजेच्या निधीला तिच्याइतका योग्य स्रोत क्वचितच सापडेल. तो कोणाच्याच खिशाला नव्याने हात घालत नाही.

वसाहतीच्या कुंपणाबाहेर, साध्या चाळीत किंवा खेड्यात यंत्रावर जगणाऱ्या वृद्धाला मात्र असा निधी नसतो. विद्युत अधिनियमाचे कलम ६२(३) ग्राहकांमध्ये अवाजवी भेद करू देत नाही. पण वीज कोणत्या कारणासाठी लागते, हा दरातील फरकाचा वैध आधार मानते. त्या यादीत वय नाही, कारण आहे. श्वास हे कारण म्हणून स्वीकारण्याचा मार्ग आयोगाला त्यामुळे खुला आहे. कलम ६५ प्रमाणे राज्य सरकार एखाद्या ग्राहकवर्गासाठी सवलत जाहीर करू शकते. तिची रक्कम मात्र सरकारने आगाऊ भरावी लागते, म्हणजे तिचा भार इतर ग्राहकांच्या बिलात शिरत नाही.