शब्दांच्या पलीकडील आत्मस्वरूप

देवापुढे संकल्प सोडताना यजमान देश, काल, गोत्र आणि नाम यांचा उच्चार करतो. 'मी कोण' याचे उत्तर एवढ्याने पूर्ण झाले, असे व्यवहारात मानले जाते. परंतु नाम देहाचे आणि गोत्र कुळाचे. मग या सर्वांना जाणणारा तो कोण?

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषींनी आत्म्याविषयी 'नेति नेति', म्हणजे 'असे नाही, असे नाही', हीच भाषा स्वीकारली आहे. अवघ्या १२ मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदातही जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांपलीकडील तुरीयाचे वर्णन बहुतांशी नकारानेच केलेले आढळते.

याचे कारण आद्य शंकराचार्यांनी गीतेच्या १३ व्या अध्यायावरील भाष्यात विशद केले आहे. शब्द अर्थबोध करून देतो तो जाती, गुण, क्रिया किंवा संबंध यांच्या आधारे. 'वृक्ष' हा शब्द जातीवरून, 'तांबडा' गुणावरून, 'कीर्तनकार' क्रियेवरून आणि 'पिता' संबंधावरून अर्थ देतो. आत्मा मात्र अद्वितीय, निर्गुण व अक्रिय असल्याने यांपैकी एकही आधार तेथे लागू पडत नाही. गाभाऱ्यातील नंदादीपाच्या प्रकाशात सर्व काही दिसते, पण तो दीप पाहण्यास दुसरा दीप लागत नाही. तसाच आत्मा स्वयंप्रकाशी होय.

मग शास्त्र, स्तोत्र आणि नामस्मरण व्यर्थ ठरते काय? मुळीच नाही. संत ज्ञानेश्वर महाराजांनी 'अमृतानुभव' या १० प्रकरणांच्या ग्रंथात सत्, चित् आणि आनंद या पदांचा विचार केला आहे. ही पदे आत्म्याचे मोजमाप करीत नाहीत. ती असत्, जड आणि दुःख यांचे निरसन करतात. दोरीवर सर्पाचा भास झालेल्या माणसाला 'हा साप नव्हे' एवढेच शब्द पुरतात. दोरी नव्याने निर्माण करावी लागत नाही. भ्रम घालविणे हेच शब्दाचे थोर कार्य आहे.

श्रीरामानुजाचार्यांची भूमिका याहून वेगळी आहे. त्यांच्या मते परमात्मा अनंत कल्याणगुणांनी युक्त असून, 'नेति नेति' हा गुणांचा निषेध नसून 'एवढाच नव्हे' असा मर्यादेचा निषेध आहे. तथापि आपल्या शब्दांत मावले तेवढेच परमसत्य, असा आग्रह या दोन्ही परंपरांत नाही.

या विचाराचा आचरणाशी निकटचा संबंध आहे. धनवान, निर्धन, विद्वान, अडाणी ही सारी विशेषणे देहाला आणि परिस्थितीला लागतात. दर्शनाच्या रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्या कोणाच्याही अंतर्यामीच्या साक्षीला ती स्पर्श करीत नाहीत. विशेषणांवरून माणसाची थोरवी ठरविणारा स्वतःच्या खऱ्या स्वरूपालाही पारखा होतो. दानाची पावती व्यवहारासाठी नावाने लिहावी लागते. पण दात्याने त्या नावालाच 'मी' मानले, तर दानातून अहंकारच वाढतो.

दर्शनानंतर सभामंडपात क्षणभर स्वस्थ बसण्याची जुनी प्रथा आहे. त्या क्षणी भाविकाने नाम, गोत्र आणि पद ही विशेषणे बाजूला ठेवून, जे शेष राहते त्याचे शांतपणे चिंतन करावे.