सापशिडीचा पट आणि विवेक

सुट्टीत नाशिकच्या आपल्या धर्मग्रामातील मुले सापशिडीचा पट मांडून बसतात, तेव्हा शंभर घरांवरून त्यांची बेरीज नकळत पक्की होते. सदतिसावर पाचाचे दान पडले की सोंगटी बेचाळीसवर जाणार, हे त्यांना बोटे न मोजता कळू लागते. पण खेळातून गणित आले, एवढ्यावरच पालकांनी संतुष्ट व्हावे काय?

सापशिडीचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. त्याचे जनकत्व परंपरा संत ज्ञानेश्वरांकडे देते. त्या पटावरील घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे असत. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. आजच्या पटावर बहुधा केवळ आकडे उरले आहेत. तरीही नीती त्यातून गेली, असे मला वाटत नाही. जुन्या पटावरही चढउतार दानानेच ठरे, आणि दानाने लाभलेल्या सद्गुणात इच्छास्वातंत्र्य कोठून असणार? ते मोजणीत असते. बेचाळीसवर साप आहे, एक घर अधिक मोजले तर सुटका आहे, आणि कोणाचे लक्ष नाही. अशा वेळी जे मूल पाचच घरे मोजते, त्याचे गणित आणि सदसद्विवेकबुद्धी एकाच क्षणी कसोटीला उतरतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी मनाच्या विश्रांतीसाठी खेळ आवश्यक मानला, पण त्याला विवेकाची मर्यादाही घातली. ती मर्यादा घरातील वडीलधाऱ्यांनी राखावयाची असते. लेकराचा हिरमोड नको म्हणून चुकीच्या मोजणीकडे डोळेझाक करणारे मातापिता त्याला डाव जिंकून देतात, पण धडा हिरावून घेतात. थोडक्याविषयी विश्वासू राहण्यास प्रभू येशूने शिकविले. मुलांच्या जगात ते थोडके पटावरील एका घराएवढे असते.