रोजच्या भाकरीची यादी

सावकाश बसा. श्वास आपल्या चालीनं चालू द्या.

मनासमोर एक घर आणा. काळ 1873 चा, जागा अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या पश्चिमेचं माळरान. कुटुंब नॉर्वेहून आलेलं, ल्युथरन पंथाचं. होमस्टेड कायद्यानं त्यांना 160 एकर जमीन मिळाली आहे. पाच वर्षं तिथं राहून कसली की ती त्यांची. पाळक दूर राहतो, त्याच्याकडे अनेक गावांच्या मंडळ्या आहेत. म्हणून रविवारी वडीलच प्रवचनांचं पुस्तक उघडून घरच्यांना वाचून दाखवतात. बाळ जगेलसं वाटलं नाही, तर घरातलंच कुणीतरी त्याला बाप्तिस्मा देतं. एखादं माणूस गेलं तर त्याला पुरतात. पाळक पुढं कधीतरी येतो, कबरीवर तीन वेळा माती टाकून प्रार्थना म्हणतो.

इथं थोडं थांबा. लेकराला मूठमाती देऊन जिला त्या प्रार्थनेची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली, त्या आईजवळ थांबा. पाळक येईपर्यंत तिनं रोज चूल पेटवली, गायीची धार काढली, जेवणाआधी हात जोडले. तिचा विश्वास या कामांतच होता, असं मला वाटतं.

आता त्या घरातलं मोठं मूल पाहा. दृढीकरणासाठी ते ल्युथरची लहान प्रश्नोत्तरी पाठ करतं आहे. पुस्तक 1529 चं. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली जाते. ती भाकर म्हणजे काय, असा त्यात प्रश्न आहे. उत्तरात ल्युथर एक यादीच देतो. ती एकेक करून मनात येऊ द्या. अन्न. कपडे. जोडे. घर, शेत, गुरं. भला जोडीदार. चांगला राज्यकारभार. वेळेवरचं हवामान. आरोग्य, शांतता. आणि अगदी शेवटी, विश्वासू शेजारी.

जोड्यांपाशी रेंगाळा. देवाकडे मागायच्या गोष्टींत जोडे आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. बर्फात गोठ्याकडे जाणाऱ्या मुलाला ते उत्तर पायांनीच कळलं असेल.

त्याच 1873 साली तिथं टोळ आले आणि 1877 पर्यंत येतच राहिले. गहू गेला, भाजीपाला गेला. राज्यपाल जॉन पिल्सबरी यांनी 26 एप्रिल 1877 हा प्रार्थनेचा दिवस ठरवला. त्या उन्हाळ्यात टोळ उडून गेले. या दोहोंची सांगड घालायची घाई करू नका. पीक गेलेल्या प्रत्येक वर्षीही त्या घरांत भाकर मागणं चालूच होतं. त्या वर्षांपाशी बसा.

आता यादीतल्या शेवटच्या नावाकडे वळा. इथं मन कचरेल, तरी वळा. ही जमीन तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांची होती. 1851 च्या करारांनी ती त्यांच्याकडून घेतली गेली. ठरलेला पैसा वेळेवर मिळेना, उपासमार झाली आणि 1862 मध्ये युद्ध पेटलं. त्यात वसाहतकरी कुटुंबंही मारली गेली. डिसेंबरात मॅन्काटो इथं 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. पुढच्या वर्षी त्यांच्या लोकांना राज्याबाहेर घालवलं. होमस्टेड कायदाही 1862 चाच. ज्या शेतातून भाकर आली, त्या शेताचा शेजारी हाकलला गेला होता. त्या कुटुंबाची प्रार्थना खरी होती आणि हेही खरं होतं. दोन्ही एकत्र धरून ठेवा. एकानं दुसरं पुसू नका.

या नॉर्वेजियन वसाहतकऱ्यांतल्या बायका पुढं एकत्र जमून शिवणकाम, विणकाम करत आणि ते विकून दूरच्या मिशनकार्याला पैसे पाठवत. त्यातला काही पैसा आपल्या देशात, संथाल मुलखातही पोचला. न पाहिलेल्या शेजाऱ्यासाठी त्यांनी सुई चालवली, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. घराजवळच्या शेजाऱ्याचं देणं त्यानं फिटत नाही.

आज जेवायला बसाल तेव्हा स्वतःची यादी करा. ताटात जे आहे ते कुणाच्या शेतातून आलं, त्या शेतावरून कधी कुणाला उठवलं गेलं का, हे विचारा. आणि शेजाऱ्याचं नाव शेवटी ठेवू नका. ते आधी घ्या.